सुखराज्यातील संघर्ष : विज्ञानकथेतील आदर्श समाज आणि मराठी परंपरा

गोषवारा

आदर्श समाजाचे चित्रण करणारी विज्ञानकथा नीरस होते. कारण जेथे दुःख नाही तेथे संघर्ष नाही आणि जेथे संघर्ष नाही तेथे कथा नाही, असा समज लेखक व समीक्षक या दोहोंत रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. त्यासाठी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा १८६७ मधील निबंध, भवभूतीचे 'उत्तररामचरित', जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आणि अर्सुला ल ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' ही कादंबरी यांचा विचार केला असून कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड परिसराचे उदाहरण त्यास जोडले आहे. दोन इष्ट मूल्यांची टक्कर हा सुखराज्यातील संघर्षाचा खरा उगम होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आदर्श समाज, सुखराज्य, विज्ञानकथा, कर्तव्यद्वंद्व, नारळीकर, कुरुंदवाड.

१. प्रस्तावना

टॉमस मोर याने १५१६ मध्ये आपल्या ग्रंथातील कल्पित बेटाला 'युटोपिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेच्या आधाराने घडविलेल्या या शब्दात 'नसलेले ठिकाण' आणि 'चांगले ठिकाण' असे दोन्ही अर्थ सूचित होतात. पुढे हा शब्द एका संपूर्ण साहित्यप्रकाराचे नाव झाला. मराठीत त्याला 'आदर्श राज्य', 'कल्पित स्वर्ग' असे पर्याय वापरले जातात. प्रस्तुत लेखात 'सुखराज्य' हा शब्द योजला आहे. त्याचे कारण पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

मराठी विज्ञानकथेच्या आधुनिक पर्वाला मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धेने चालना दिली. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही आपली पहिली विज्ञानकथा या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींनी ही धारा समृद्ध केली. या धारेकडे एकत्रितपणे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू, येऊ घातलेले हिमयुग, हाताबाहेर गेलेला यंत्रमानव, बेबंद झालेले संशोधन अशा संकटांभोवती मराठी विज्ञानकथा सहजपणे उभी राहते. सुखी समाज मात्र तिच्यात क्वचितच आढळतो, आणि आढळला तरी तो पार्श्वभूमीपुरता असतो.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की, सुखात कथा नसते. हे स्पष्टीकरण मान्य केल्यास त्याचे परिणाम केवळ वाङ्मयीन राहत नाहीत. चांगल्या समाजात संघर्ष असूच शकत नाही असे एकदा मानले की, समाजात संघर्ष दिसताच तो चांगुलपणाच्या विरोधात आहे असेही मानावे लागते. मग प्रश्न विचारणारा माणूस हा सुखाचा शत्रू ठरतो. म्हणून सुखराज्यात संघर्ष कसा निर्माण करावा हा प्रश्न कथातंत्राचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी चांगल्या समाजाची कल्पना कशी करावी हाच प्रश्न आहे.

२. मराठीतील सुखराज्य : विष्णुबुवा आणि फुले

मराठीत आदर्श समाजाची सविस्तर मांडणी विज्ञानकथेच्या कितीतरी आधी झाली. विष्णु भिकाजी गोखले ऊर्फ विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) यांनी १८६७ मध्ये 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. कार्ल मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, या योगायोगाकडे अभ्यासकांनी वारंवार लक्ष वेधले आहे. विष्णुबुवांच्या राज्यात सर्व प्रजा हे एक कुटुंब आहे. जमीन सर्वांची, पीक सर्वांचे. धान्याचा साठा सामाईक, आणि ज्याला जे अन्नवस्त्र लागेल ते त्याने त्यातून घ्यावयाचे. मुलांच्या संगोपनाचा भारही राज्यावर. खाजगी मालकी नाहीशी झाली की चोरी, कज्जे आणि दारिद्र्य नाहीसे होईल, असा या मांडणीमागील विश्वास आहे.

हा निबंध धाडसी आहे, परंतु त्यात एकही पात्र नाही. त्यात माणसांची गरज भागते, पण कोणाही माणसाला काही हवेसे वाटत नाही. सामाईक कोठारातून हवे ते वस्त्र घेता येईल हे सांगितले जाते. दोघांना एकच वस्त्र हवे असेल तर काय, हा प्रश्न उद्भवत नाही. निबंध म्हणून ही उणीव क्षम्य ठरेल. मात्र जगातील बहुतेक आरंभीच्या सुखराज्यकथांतही हीच स्थिती आहे. एडवर्ड बेलामी यांच्या 'लुकिंग बॅकवर्ड' (१८८८) या कादंबरीत दीर्घ झोपेतून जागा झालेला नायक नव्या व्यवस्थेची माहिती ऐकत राहतो. रुकय्या सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम' (१९०५) या कथेत स्त्रियांच्या राज्यातील सूर्यशक्तीची यंत्रे आणि बागा निवेदिकेला फिरून दाखविल्या जातात. रुकय्यांच्या कथेला उपरोधाची धार आहे आणि पडद्याची प्रथा पुरुषांवर उलटविण्याची तिची कल्पना आजही तेज गमावत नाही. परंतु तिच्यातील खरा संघर्ष भूतकाळात घडून गेलेला आहे. वाचकाच्या वाट्याला येते ते त्याचे फळ.

महात्मा फुले यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या ग्रंथात (मरणोत्तर प्रकाशन १८९१) आदर्शाचे एक वेगळे चित्र आहे. एकाच घरातील स्त्रीने बौद्ध धर्म स्वीकारावा, तिच्या पतीने ख्रिस्ती व्हावे, मुलीने इस्लाम पत्करावा, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म आचरावा आणि तरीही सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे, अशी ही कल्पना आहे. विष्णुबुवांच्या कुटुंबात सर्वजण सारखे असल्यामुळे शांतता आहे. फुल्यांच्या कुटुंबात सर्वजण भिन्न असूनही शांतता राखावयाची आहे. पहिल्या घरात कथा शिरू शकत नाही. दुसऱ्या घरात मात्र प्रत्येक जेवणाच्या वेळी, प्रत्येक सणाला, घरातील प्रत्येक विवाहाला आणि मृत्यूला ती दाराशी उभी आहे. फुल्यांनी कथा लिहिली नाही, पण सुखराज्याच्या कथेला लागणारे घर त्यांनी बांधून ठेवले असे म्हणता येते.

३. तीन रूढ मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

सुखराज्यात संघर्ष आणण्यासाठी लेखकांनी सामान्यतः तीन मार्ग अनुसरलेले दिसतात.

पहिला मार्ग बाहेरच्या शत्रूचा. आल्डस हक्सले यांच्या 'आयलंड' (१९६२) या कादंबरीतील पाला हे बेट विवेक व करुणा यांवर उभे आहे. परंतु त्याच्या भूमीत तेल आहे आणि शेजारी लष्करशहाची त्यावर नजर आहे. शेवटी बेट आक्रमणाला बळी पडते. हा शेवट चटका लावतो. मात्र त्यातून पालाच्या जीवनपद्धतीविषयी नवीन काही कळत नाही. आक्रमक कोणत्याही देशावर चालून येऊ शकतो. सुखराज्याची परीक्षा त्याच्या सीमेवर झाली, त्याच्या घरांत झाली नाही.

दुसरा मार्ग बुरखा फाडण्याचा. सुखी भासणारा समाज प्रत्यक्षात तुरुंग आहे हे हळूहळू उघड करावयाचे. हक्सले यांच्याच 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) पासून हा मार्ग लोकप्रिय झाला. त्याने विसाव्या शतकातील हुकूमशाहीचे भेदक आकलन दिले, हे निर्विवाद आहे. पण त्याचा अतिरेक झाल्यावर वाचकाला एक सवय जडली : कथेत सुखी समाज आला की त्याच्या तळघरात काहीतरी कुजते आहे असे गृहीत धरण्याची. अशा कथा सुखराज्याविषयी नसतातच. त्या सुखराज्याच्या अशक्यतेविषयी असतात.

तिसरा मार्ग संघर्षाला घराबाहेर ठेवण्याचा. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (१९८७) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांचा आग्रह होता की चोविसाव्या शतकातील मनुष्य प्रगल्भ झालेला असल्याने अंतराळयानावरील मुख्य पात्रांत आपसांत क्षुद्र भांडणे असू नयेत. मालिकेच्या लेखकांना ही अट जाचक वाटे. पुढे 'डीप स्पेस नाइन' (१९९३) या मालिकेत कथानक सरहद्दीवरील एका स्थानकावर नेऊन, तेथे वेगवेगळ्या समाजांतील माणसे एकत्र आणून ही अडचण दूर केली गेली. म्हणजे सुखराज्याच्या मध्यभागी कथा सापडेना, म्हणून ती त्याच्या कडेला शोधली.

या तिन्ही मार्गांत एक समान गृहीतक आहे. संघर्ष हा दोषातून, उणिवेतून किंवा दुष्टपणातून जन्मतो, असे ते गृहीतक होय. दोषरहित समाजात मग तो बाहेरून आणावा लागतो किंवा समाजच सदोष ठरवावा लागतो. हे गृहीतक तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

४. रामराज्यातील पेच

भारतीय मनातील सुखराज्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे रामराज्य. रावणवध झाला, वनवास संपला, राज्याभिषेक झाला. प्रजा सुखी आहे. नेहमीच्या हिशेबाने कथा येथे संपावयास हवी. विदर्भाशी नाते सांगणारा आठव्या शतकातील नाटककार भवभूती आपले 'उत्तररामचरित' नेमके येथून सुरू करतो.

पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्या गतजीवनाची चित्रे पाहतात. त्याच अंकात प्रजेच्या संतोषासाठी वेळ आल्यास सीतेचाही त्याग करीन असे राम बोलून जातो. त्यानंतर दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची वार्ता घेऊन येतो आणि सहज उच्चारलेले वचन खरे करण्याची वेळ येते. येथे रावण नाही, मंथरा नाही, बाहेरचा कोणीही शत्रू नाही. प्रजेचे ऐकणारा राजा असणे हे चांगले; पत्नीशी एकनिष्ठ असणे हेही चांगले. ज्या गुणामुळे हे राज्य आदर्श ठरले त्याच गुणाने त्या राज्यातील सर्वांत मोठा अन्याय घडविला. ग्रीक शोकांतिकेचा विचार करताना हेगेलने दोन न्याय्य पक्षांच्या टकरीवर भर दिला. त्याच्या सुमारे एक हजार वर्षे आधी भवभूतीने ती टक्कर सुखराज्याच्या अंतःपुरात नेऊन ठेवली होती.

याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात शंबूकाचा प्रसंग येतो. तप करणाऱ्या शूद्रावर शस्त्र उगारताना रामाचा हात अडखळतो, तो आपल्याच हाताला उद्देशून बोलतो, आणि तरीही वध करतो. हा प्रसंग वाचताना दुसरा प्रश्न समोर येतो : हे सुखराज्य कोणाचे? प्रजेच्या संतोषात शंबूकाचा संतोष मोजला गेला नव्हता. भवभूतीने शंबूकाला वधानंतर दिव्य रूप देऊन हा प्रश्न मिटविला असला, तरी आधुनिक वाचकाच्या दृष्टीने तो मिटलेला नाही. सुखराज्यातील संघर्षाचे हे दोन मूलस्रोत आहेत : इष्टाची इष्टाशी टक्कर, आणि सुखाच्या गणतीतून वगळलेला माणूस.

५. 'गंगाधरपंतांचे पानिपत' : स्वप्न पाहणारा आणि स्वप्न

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा सामान्यतः पर्यायी इतिहासाची कथा म्हणून वाचली जाते. 'द अ‍ॅडव्हेंचर' या इंग्रजी रूपात ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. तिचा विचार सुखराज्यकथा म्हणून झाल्याचे मात्र फारसे दिसत नाही. आणि तो व्हावयास हवा. पानिपतात १७६१ मध्ये मराठे जिंकले असते तर, हा मराठी मनाने अडीच शतके जपलेला प्रश्न आहे. त्याचे होकारार्थी उत्तर म्हणजे मराठी मनाचे एक सुखराज्यच होय.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे या उत्तराच्या जगात अचानक जाऊन पडतात. तेथे विश्वासराव गोळीतून थोडक्यात वाचले आहेत, मराठ्यांनी लढाई जिंकली आहे, इंग्रजांचे साम्राज्य कधी उभेच राहिले नाही. विसाव्या शतकातील तो देश लोकशाहीवादी आणि स्वाभिमानी आहे. मुंबई इंग्रजांकडे आहे ती व्यापारी सोयीसाठी दिलेल्या पट्ट्याने. गंगाधरपंतांना हा भारत आवडतो. त्यानंतर ते आझाद मैदानावरील एका व्याख्यानाला जातात आणि तेथे अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून अस्वस्थ होतात. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षस्थान भूषविलेल्या या गृहस्थाला ते सहन होत नाही. ते व्यासपीठावर चढून खुर्चीत बसतात. श्रोते त्यांना सांगतात की प्रास्ताविके, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन या चाली त्यांनी केव्हाच सोडून दिल्या आहेत. त्यांना फक्त वक्त्याला ऐकावयाचे आहे. गंगाधरपंत बोलतच राहतात. अखेर टोमॅटो आणि अंड्यांचा वर्षाव होतो व जमाव त्यांना व्यासपीठावरून हटविण्यासाठी धावून येतो.

या प्रसंगाकडे विनोद म्हणून पाहिले जाते. वस्तुतः मराठी विज्ञानकथेतील सुखराज्याच्या संघर्षाचा हा सर्वांत नेमका क्षण आहे. पराभव न झालेला समाज गंगाधरपंतांना हवा होता. परंतु जो समाज पराभूत झाला नाही तो खुर्चीपुढे वाकण्याची सवयही विसरला, हे त्यांना नको आहे. त्यांना इतिहासाचे फळ हवे, त्या फळाने होणारा आपल्यातील बदल नको. त्या जगात दुष्ट कोणी नाही. श्रोते न्याय्य आहेत आणि गंगाधरपंतही आपल्या जगाच्या शिष्टाचाराप्रमाणे सभ्यच वागत आहेत. सुखराज्य मिळाले, पण त्यात राहण्यास लागणारा माणूस अद्याप तयार झाला नाही, हा येथील खरा पेच आहे.

या कथेच्या दोन मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पहिली रचनेची. पेच जेथे तीव्र होतो तेथेच नायक त्या जगातून बाहेर फेकला जातो आणि उत्तरार्धात राजेंद्र देशपांडे हा मित्र आपत्तीचा सिद्धांत व पुंजवादातील अनिश्चितता यांच्या साहाय्याने घटनेचा उलगडा करतो. उलगडा सुबोध आहे, पण संघर्षाची जागा स्पष्टीकरणाने घेतली आहे. विज्ञानप्रसाराच्या प्रेरणेतून घडलेल्या मराठी विज्ञानकथेची ही सार्वत्रिक सवय होती : 'पुढे काय झाले' यापेक्षा 'हे कसे शक्य झाले' याला अधिक महत्त्व देणे. गंगाधरपंत त्या जगात एक वर्ष राहिले असते तर काय घडले असते, ही न लिहिली गेलेली कथा अधिक मोठी आहे.

दुसरी मर्यादा दृष्टीची. पेशवाईचा विजय हे कोणाचे सुखराज्य? पेशवाईच्या काळातील अस्पृश्यतेचे निर्बंध ज्यांनी भोगले, त्यांच्या वारसांनी या पर्यायी इतिहासाकडे कसे पाहावे? फुल्यांनी आणि नंतर डॉ. आंबेडकरांनी मांडलेला हा प्रश्न कथेत ऐरणीवर येत नाही. त्या भारतात लोकशाही आली असे सांगितले जाते. ती कोणत्या लढ्यातून आली हे सांगितले जात नाही. आझाद मैदानावरील रिकाम्या खुर्चीमागे समतेचा एखादा दीर्घ संघर्ष असू शकतो, आणि त्याचे सूचन कथेत असते तर ती खुर्ची विनोदाचा विषय न राहता कथेचे केंद्र झाली असती.

६. सुखराज्य टिकविण्याची किंमत

नारळीकरांनी जेथे कथा थांबविली, तेथून पुढे जाण्याचा एक मार्ग अर्सुला ल ग्विन यांच्या 'द डिस्पझेस्ड' (१९७४) मध्ये दिसतो. अनारेस या ओसाड चंद्रावर मालकी, शासन आणि कायदा यांशिवाय जगणाऱ्या लोकांची वसाहत आहे. शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ याच समाजाचे अपत्य आहे आणि त्याच्या तत्त्वांवर त्याची मनःपूर्वक निष्ठा आहे. तरीही त्याची कोंडी होते. तेथे पोलीस नाहीत, पण शेजाऱ्यांची नाराजी आहे. तेथे बंदी नाही, पण शेवेकचे संशोधन प्रकाशित व्हावे की नाही हे एका मत्सरी ज्येष्ठाच्या हाती आहे. त्याचा नाटककार मित्र तिरिन कोणत्याही तुरुंगात न जाता केवळ लोकमताच्या दडपणाने मोडून पडतो. दुष्काळ पडतो तेव्हा अपुरा शिधा कोणाला किती द्यावा हे ठरविण्याचे काम तत्त्वनिष्ठ माणसांनाच करावे लागते.

ल ग्विन यांनी बुरखा फाडण्याचा मार्ग घेतलेला नाही. अनारेस हा समाज अखेरपर्यंत राखण्याजोगाच राहतो. शेवेक त्याच्याशी भांडतो ते त्याने स्वतःच्या तत्त्वाशी प्रामाणिक राहावे म्हणून. सुखराज्य एकदा स्थापन करून भागत नाही, ते दर पिढीला नव्याने स्थापावे लागते, ही जाणीव या कादंबरीतील संघर्षाला बळ देते. क्रांती करणारी पिढी आणि क्रांतीचा वारसा सांभाळणारी पिढी यांतील अंतर महाराष्ट्राला अपरिचित नाही. प्रवरानगर येथे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागे सुखराज्याचेच एक स्वप्न होते. त्या स्वप्नाचे पुढील पिढ्यांत काय होते हा विषय मराठी ग्रामीण कादंबरीने हाताळला. मराठी विज्ञानकथेने तो भविष्यात नेऊन पाहिलेला नाही.

७. कुरुंदवाड : एक संभाव्य कथाभूमी

विज्ञानकथेची भूमी परग्रहावरच शोधावी लागते असे नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. नृसिंहवाडीजवळील कृष्णा-पंचगंगेचा संगम गावाच्या अगदी निकट आहे. हा परिसर सुपीक, बागायती आणि उसाने समृद्ध आहे. या समृद्धीकडे कथालेखकाच्या दृष्टीने पाहिल्यास तीन पेच हाती लागतात, आणि त्यांपैकी एकालाही खलपुरुषाची आवश्यकता नाही.

पहिला पेच पाण्याचा. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये या परिसराने महापूर पाहिला. नदीच्या वरच्या अंगाला धरणे आहेत आणि खालच्या अंगाला कर्नाटकात अलमट्टीचे धरण आहे. अलमट्टीची उंची वाढविण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अनुमती दिली. उत्तर कर्नाटकातील कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवे आहे आणि शिरोळच्या शेतकऱ्याला पुराची धास्ती आहे. दोघांचीही मागणी न्याय्य आहे. दारिद्र्य, भ्रष्टाचार आणि राज्याराज्यांतील चुरस नाहीशी झालेल्या एखाद्या भावी समाजाची कल्पना केली, प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारी अचूक यंत्रणा त्याला दिली, तरी पर्जन्यकाळी एक प्रश्न उरतोच : जादा पाणी कोणाच्या शेतात जाऊ द्यावयाचे? अचूक ज्ञानाने हा प्रश्न सुटत नाही, उलट अधिक बोचरा होतो. अज्ञानात पूर हा दैवाचा असतो. पूर्ण ज्ञानात तो कोणाच्या तरी निर्णयाचा असतो.

शिवाय पाण्याचा अर्थही एक नाही. पुराचे पाणी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडते तेव्हा भाविक तेथे 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणून स्नानाला जमतात. तेच पाणी आणखी चढले की घरे सोडावी लागतात. पूर पूर्णतः आवरणाऱ्या भावी तंत्रज्ञानाने हा सोहळा संपविला, तर मिळालेल्या सुरक्षिततेबरोबर काय गेले याचा हिशेब कोण मांडणार? अशा कथेत पूर थोपविणारा अभियंता आणि सोहळ्यासाठी एकदा तरी दरवाजे उघडा म्हणणारी वृद्धा हे दोघेही वाचकाच्या सहानुभूतीस पात्र ठरतात.

दुसरा पेच समृद्धीचा. ज्या पाण्याने ऊस पिकविला त्याच पाण्याच्या अतिवापराने नदीकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या. येथे सुखाचे साधन आणि सुखाचा क्षय या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. क्षार एका हंगामात दिसत नाहीत. ज्याने अधिक पाणी दिले त्याला पीक मिळाले आणि त्याच्या नातवाला पांढरी पडलेली जमीन मिळाली. आजच्या पिढीचे सुख आणि उद्याच्या पिढीचे सुख यांच्यात न्याय कसा करावयाचा, हा विज्ञानकथेच्या काळदृष्टीला साजेसा प्रश्न आहे.

तिसरा पेच सहजीवनाचा. कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसविण्याची परंपरा आहे. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने मोहरम ऋतुचक्रातून फिरत राहतो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा गणेशोत्सवाच्या काळात येतो. २०१८, २०१९ व २०२० या तीन वर्षी हे दोन्ही काळ जवळजवळ एकत्र आले. त्यांपैकी २०१९ मध्ये महापूर ओसरून काही आठवडेच झाले होते. एका वास्तूत उत्सव आणि शोक यांना एकाच वेळी जागा द्यावयाची म्हणजे काय, हे अशा गावाला ठरवावे लागते. वाद्य केव्हा थांबवावे, कोणती मिरवणूक आधी निघावी, कोणी किती मागे सरावे? बाहेरून पाहणारा याला 'एकोप्याचे प्रतीक' म्हणून मोकळा होतो. कथाकाराला मात्र या एकोप्याच्या आत चालणारे बोलणे, रुसणे, समजूत घालणे ऐकावे लागेल. एकोपा हा संघर्षाचा अभाव नसून संघर्ष रोज हाताळण्याचे कौशल्य आहे, हे अशा कथेतून उमजेल. फुल्यांच्या त्या कल्पित घराचे हे जिवंत उदाहरण होय.

८. एक आक्षेप

येथे असा आक्षेप संभवतो की, ज्या समाजात पूर आहे, क्षारपड जमीन आहे आणि समजूत घालण्याची गरज आहे त्याला सुखराज्य का म्हणावे? हा आक्षेप विष्णुबुवांच्या व्याख्येवर आधारलेला आहे. सर्व इच्छा तृप्त झालेला समाज म्हणजे सुखराज्य, ही ती व्याख्या. तिच्याऐवजी अशी व्याख्या करता येईल की, ज्या समाजात संघर्ष हिंसेशिवाय आणि कोणाला गणतीतून न वगळता लढविता येतो, तो समाज सुखराज्य होय. या व्याख्येत पराभव आहे, शोक आहे, चुकीचा निर्णयही आहे. मात्र पराभूताला पुन्हा बोलण्याची जागा आहे. पहिल्या व्याख्येत कथा अशक्य होते, दुसरीत ती अपरिहार्य होते.

दुसरी सावधगिरीही आवश्यक आहे. प्रत्येक संघर्ष दोन इष्टांचा असतो असे म्हणणे हे अन्यायावर पांघरूण घालण्याचे साधन होऊ शकते. शंबूकाच्या वधाला दोन कर्तव्यांची टक्कर म्हणून चालणार नाही. तो अन्यायच आहे. म्हणून सुखराज्याच्या लेखकाने प्रथम विचारावयाचे ते असे की, या सुखाच्या गणतीत कोण नाही. त्याचे उत्तर मिळाल्यावरच उरलेल्या संघर्षाला दोन इष्टांचा संघर्ष म्हणता येईल.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. सुखराज्यात संघर्ष नसतो हा समज वाङ्मयेतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही; 'उत्तररामचरित' हे त्याचे प्राचीन खंडन आहे. बाहेरचा शत्रू, बुरख्याआडचा तुरुंग आणि सरहद्दीवरचे कथानक हे मार्ग उपयुक्त असले तरी ते मूळ प्रश्नाला वळसा घालतात. इष्टाची इष्टाशी टक्कर, जुन्या सवयी घेऊन नव्या जगात आलेला माणूस, पिढीगणिक झिजणारे तत्त्व आणि गणतीतून वगळलेली व्यक्ती हे सुखराज्यातील संघर्षाचे अंतर्गत स्रोत होत. नारळीकरांच्या कथेत यांपैकी दुसरा स्रोत प्रकट झाला, पण विस्तारला नाही.

महाविद्यालयीन वर्गात 'गंगाधरपंतांचे पानिपत' शिकविताना चर्चा बहुधा इतिहासाच्या 'जर-तर'पाशी आणि पुंजवादाच्या सुलभ परिचयापाशी थांबते. श्रोत्यांनी खुर्ची रिकामी का ठेवली असेल, आणि गंगाधरपंतांनी त्या जगातच राहावयाचे ठरविले असते तर त्यांना काय सोडावे लागले असते, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास त्यांतून नव्या कथेचे लेखन होऊ शकेल. संगमाकाठच्या विद्यार्थ्याला तिसरा प्रश्नही विचारता येईल : सर्वांचे भले इच्छिणाऱ्या माणसांनी भरलेल्या गावात, पुढच्या पुराचे पाणी कोणाच्या शेतात जावे हे कोणी आणि कसे ठरवावे?